घरचं क्लीनर बनवताय? या चुका टाळा

आमच्या ओट्याच्या कडप्प्यावर लिंबाएवढा पांढुरका डाग आहे. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर तिथं विसरलं, त्याची ती खूण. कडप्पा, कोटा, शहाबादी, संगमरवर या सगळ्यांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आंबट पडलं की ते विरघळतं. तो डाग कितीही घासा, जात नाही. कारण तिथं दगडच झिजलाय. अशा फरशीला व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम (गूळ आणि फळांच्या साली आंबवून केलेलं क्लीनर) काहीच नको. बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून बाटली भरून ठेवणं. फसफसतं झकास! पण दोघं एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. झाकण घट्ट लावलं तर बाटली फुटायची भीती वेगळीच. त्याने काही निघालं नाही की माणूस वैतागून दुकानातलं क्लीनर दुप्पट ओततो, मग कसलं आलंय पर्यावरण?

दोन्ही वेगवेगळे वापरा. बोअरच्या पाण्याने स्टीलच्या नळावर चढलेला पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळा, मग धुऊन टाका. गॅसजवळचं चिकट तेल मात्र आंबटाला दाद देत नाही. तिथं गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडाही नको, ती काळी पडते.

बायोएन्झाइमचं प्रमाण ठरलेलं: 1 भाग गूळ, 3 भाग लिंबा-संत्र्याच्या साली, 10 भाग पाणी, 3 महिने. काचेची बरणी नको, प्लॅस्टिकची घ्या. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा. घरात जुलाब-उलट्यांचा आजारी असेल तर संडासासाठी त्यावर विसंबू नका. तिथं ब्लीचच लागतं. मात्र ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो.

रिठ्याचं पाणी महिन्याभराचं करून ठेवू नका, आंबतं. आठवड्यापुरतं उकळा, फ्रीजमध्ये ठेवा आणि बाटलीवर ठळक नाव लिहा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी ते चिंचेचं पाणी समजून पुरीत ओतलं होतं.