आरव्हीने टायबी बेट आणि सव्हाना: आधी भरतीचं वेळापत्रक, मग बुकिंग

आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी. तिने अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटाहून सव्हाना शहर साधारण २५० मैल. आय-७५ महामार्ग, मग मेकनपासून आय-१६. कारला चार तास लागतात, आरव्हीला पाच धरा. मुक्काम सव्हानाजवळच्या टायबी बेटावरच ठेवा. तिथलं रिव्हर्स एंड कॅम्पग्राउंड नगरपालिकेचं आहे आणि दीपगृह (१७८ पायऱ्या) तिथून चालत गाठता येतं. जागा नसेल तर स्किडअवे आयलंड स्टेट पार्क छान आहे, पण तिथून किनारा लांब.

खरी मेख रस्त्यात आहे. बेटावर जायला यूएस-८० हा एकच रस्ता आणि तो खाजणातून जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, उधाणाचं पाणी त्यावर चढतं. ईशान्येचा वारा असला तर आणखी. फोर्ट पुलास्कीच्या भरतीमापकाचा अंदाज बघा: ९.५ फुटांपासून पुराची पातळी सुरू होते. त्या दिवशी भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास सोडून निघा. ‘घोटाभरच तर पाणी आहे’ म्हणून गाडी घालू नका. खारं पाणी ब्रेक आणि खालच्या वायरिंगला खातं. अडकलातच तर फोर्ट पुलास्की वाटेतच आहे. १८६२ साली रायफल्ड (नळीत आतून पीळदार खाचा असलेल्या) तोफांनी ३० तासांत नमवलेल्या त्या किल्ल्याच्या भिंतीवरचे घाव अजून दिसतात.

पोहोचल्यावर तुमच्या जागेवरच्या विजेच्या खांबाचा ब्रेकर आधी बंद करा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) लावा, मग केबल जोडून ब्रेकर चालू करा. पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर हवाच. भाड्याची २५ फुटी गाडी बहुधा ३० अँपिअरची असते, म्हणजे अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. एसी १३ अँपिअर घेतो, १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी १५. त्यात विजेवरचा गिझर (१२) चालू असला की ब्रेकर उडालाच. कुकर गॅसवरच लावा.

ब्लॅक टँकचा (संडासाच्या मैल्याच्या टाकीचा) व्हॉल्व्ह मुक्कामभर बंद ठेवा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचून बसतो. टाकी दोन तृतीयांश भरली की आधी ब्लॅक, मग ग्रे (आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची टाकी) सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

सव्हानात आरव्ही नेऊ नका. १७३३ साली ओगलथॉर्पने वसवलेल्या शहराचे २२ चौक अजून शाबूत आहेत, पण त्यांभोवतीचे रस्ते एकदिशा, वळणं काटकोनी आणि ओक वृक्षांच्या फांद्या खाली लोंबलेल्या. रिव्हर स्ट्रीटचे उतार तर दगडी आणि तीव्र. भाड्याची कार किंवा टॅक्सी घ्या. गावात ‘डॉट’ बस आणि नदीपलीकडची फेरी फुकट आहे. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक डेच्या आठवड्यात मात्र गर्दी सोसवणार नाही.

टायबीच्या वाळूवर कुत्र्याला बंदी आहे. संध्याकाळी खाजणातले बारीक माशा-डास चावतात, तेव्हा दाराची जाळी लावा. हरिकेनचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर. रद्द करण्याच्या अटी बुकिंगआधीच वाचा.

निघायच्या सकाळी केबल, नळी, पायरी, अँटेना, गॅस असं एकेक तपासा आणि भरतीची वेळ पुन्हा बघा.