गोळी सापडली, आरोपी सुटला : या चुका टाळा

मुंबईत आता नव्वदच्या दशकासारखे गोळीबार होत नाहीत. खून होतात ते बहुतेक चाकू, चॉपर, नाहीतर हाताला लागेल त्या वस्तूने. त्यामुळे नव्या तपास अधिकाऱ्याच्या वाट्याला पिस्तुलाचा खून क्वचितच येतो, आणि आला की आरोपी धरला, पत्रकार परिषद झाली, संपलं काम! १९९७ साली जानेवारीत पवईत डॉ. दत्ता सामंतांना आणि ऑगस्टमध्ये अंधेरीत गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या. गुलशन कुमार खटल्यात २००२ साली १९ पैकी एकाच आरोपीला शिक्षा झाली. सामंत खटल्यातून छोटा राजन २०२३ मध्ये पुराव्याअभावी सुटला. धरपकड म्हणजे शिक्षा नव्हे, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सरकारी वकील म्हणून मला सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक : पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, पोलीस ठाण्यातच ठेवून देणं. घटनास्थळी पंचनामा होतो, पाकीट मुद्देमालाच्या कपाटात जातं आणि तिथेच बसतं. कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत का पाठवलं नाही, विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘सर, पिस्तूल मिळालं की एकदमच पाठवतो ना कलिनाला.’’

उपनगरातल्या एका खटल्यात असंच झालं. दुकानदाराचा खून, जागेवर दोन पुंगळ्या. महिनाभराने आरोपीने झुडपातून पिस्तूल काढून दिलं, सोबत जिवंत काडतुसं. मग सगळं एकाच दिवशी, एकाच शिपायाबरोबर न्यायसहायक प्रयोगशाळेत. अहवाल आला, फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईची) खूण तंतोतंत जुळते. तपास अधिकारी पेढे वाटायच्या बेतात. बचावाच्या वकिलांनी घटनेबद्दल अवाक्षर काढलं नाही. पिस्तूल चालू होतं? हो. जप्तीनंतर तुमच्याच ठाण्यात होतं? हो. पुंगळ्याही तिथेच? हो. सील कोणाकडे? माझ्याकडे. वकीलसाहेब खाली बसले. ठाण्यातच दोन गोळ्या झाडून पुंगळ्या बदलल्या नाहीत, हे आता कोण सिद्ध करणार? प्रत्यक्षदर्शी आधीच फितूर झाला होता. संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. एक फेरी मात्र वाचली.

माझा हट्ट असा : पुंगळ्या दुसऱ्याच दिवशी कलिनाला, पिस्तूल मिळो न मिळो. शवविच्छेदनात निघालेली गोळी डॉक्टरांच्या सीलसह परस्पर तिकडेच. नेणाऱ्या शिपायाचा जबाब घ्या आणि मुद्देमाल नोंदवहीत तारीख, वेळ लिहा. गावठी कट्टा असेल तर आणखी जपा. त्याच्या नळीत बहुधा रायफलिंगच, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचाच नसतात, गोळीवरच्या रेघांवरून काही ठरवणं अवघड. मग पुंगळीच्या बुडावरची खूण हीच काय ती आशा.

दुसरी लाडकी चूक ओळखपरेडीची. अटकेच्या संध्याकाळी आरोपी कॅमेऱ्यांपुढे उभा, आणि नंतर तुरुंगात विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर साक्षीदार त्याला ‘ओळखतो’. टीव्ही काय फक्त आपल्याच घरी असतो? पहिल्या मिनिटापासून बुरखा घाला, स्टेशन डायरीत तशी नोंद करा. एका आरोपीमागे किमान सहा डमी हवेत, तेही त्याच वयाचे आणि अंगकाठीचे. पंचविशीच्या पोराशेजारी टकले काका उभे केलेले मी वाचले आहेत.

बाकीचं थोडक्यात. ठाण्याबाहेरचा पानवाला पंच म्हणून आणू नका, तो आधी किती खटल्यांत पंच होता ते बचावाला पाठ असतं. निवेदन पंचनामा, म्हणजे ‘वस्तू लपवलेली जागा दाखवतो’ या आरोपीच्या कथनाचा पंचनामा, त्याने जागा दाखवण्याआधी लिहायचा असतो, रात्री ठाण्यात आल्यावर नाही. संशयिताने हात धुण्याआधी त्याच्या हातांवरच्या बारुदाच्या कणांचे नमुने घ्या. सीसीटीव्हीचं फुटेज घेतलंत, पण नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र? जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातलं असं प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं, तरी अजून पेन ड्राइव्ह नुसताच येतो.

आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ ची, खटला भरण्याआधी लागणारी मंजुरी. पिस्तूल चालू असल्याचा अहवाल न जोडता छापील मसुदा सहीला पुढे सरकवणाऱ्यांची फाइल मी न वाचता परत पाठवत असे.