डबा स्वाद पितो तेव्हा: प्लास्टिक कसं तपासावं, निवडावं आणि साफ करावं

संत्र्याचा रस प्लास्टिकमध्ये काही दिवस ठेवला की मिळमिळीत लागतो, आणि रिकामा डबा मात्र घासूनही संत्र्यासारखा दरवळतो. दोन्हीचं कारण एकच. संत्र्याच्या सालीच्या तेलात सर्वांत जास्त असतं ते लिमोनीन. त्याचं पाण्याशी जमत नाही, आणि पॉलिएथिलीनसारखं प्लास्टिकही तेलाच्याच जातकुळीचं. त्यामुळे लिमोनीन रसातून निघतं आणि प्लास्टिकच्या आत जाऊन मुरतं. वास पृष्ठभागावर नसतोच, म्हणून घासणी कितीही चालवली तरी तो जात नाही.

खात्री करायची तर हा प्रयोग करा. एक मोठी आणि चार छोट्या काचेच्या बरण्या, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, दोरा आणि एका संत्र्याची ताजी साल एवढं लागतं.

1. झिपची मऊ पिशवी (ही बहुधा पॉलिएथिलीनची असते) आणि पाण्याची पारदर्शक बाटली (ही पेट प्लास्टिकची) यांच्या 5 × 10 सेंमीच्या दोन-दोन पट्ट्या कापा. छपाई आणि लेबलचा गोंद असलेला भाग घेऊ नका, त्यांना स्वतःचाच वास असतो.

2. साल मोठ्या बरणीच्या तळाशी ठेवा. दोन्ही प्रकारची एकेक पट्टी दोऱ्याने वर टांगा. ती सालीला टेकता कामा नये, वास हवेतूनच जायला हवा. तोंडावर फॉइल लावून मग झाकण घट्ट करा, नाहीतर झाकणातलं अस्तरही वास पिऊन बसतं. उरलेल्या दोन पट्ट्या दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा.

3. 48 तासांनी चारही पट्ट्या बिनवासाच्या साबणाने, गार पाण्यात, दोन्ही बाजूंनी धुऊन पुसा. गरम पाणी नको, त्याने मुरलेला वास आधीच उडायला लागतो.

4. प्रत्येक पट्टी वेगळ्या छोट्या बरणीत फॉइलखाली तासभर ठेवा आणि मग हुंगा. आधी कोऱ्या पट्ट्या, मग बाटलीची आणि सगळ्यात शेवटी पिशवीची. क्रम उलटा झाला तर नाक थकतं आणि पुढचं काही कळत नाही.

पिशवीची पट्टी चांगलीच दरवळते, बाटलीची जेमतेम. दोन्हींना सारखाच वास येत असेल तर धुण्यात कसर राहिली समजा.

फरक पडतो तो आतल्या रचनेमुळे. खोलीच्या तापमानाला पॉलिएथिलीनच्या रेणूंच्या लांब साखळ्या सैल, हलत्या असतात, त्यामुळे गंधाच्या रेणूंना आत वाट मिळते. पेटच्या साखळ्या साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंत जखडलेल्या राहतात. लिमोनीन मुरलं की पॉलिएथिलीन किंचित फुगतं आणि त्यातून ऑक्सिजनही जास्त शिरतो, म्हणजे उरलेल्या स्वादावर दुसरा घाव.

डबा घेताना तळाचा त्रिकोण पाहा. 1 म्हणजे पेट, 2 आणि 4 पॉलिएथिलीन, 5 पॉलिप्रॉपिलीन. लसूण, लवंग, पुदिना, लिंबूवर्गीय फळांचा रस यांसाठी 2, 4 आणि 5 टाळा. काच सर्वांत उत्तम, स्टीलही चालतं, प्लास्टिकच हवं असेल तर 1. साखर, मीठ, डाळ-तांदूळ कशातही ठेवा, तिथे एवढा विचार करायची गरज नाही. रसाच्या कागदी खोक्यालाही आतून सहसा पॉलिएथिलीनचाच थर असतो, तेव्हा खोकं दिसतं म्हणून निश्चिंत राहू नका. पदार्थात स्निग्धांश असेल तर गंध त्यातच टिकून राहतो आणि प्लास्टिककडे कमी जातो, पाणीदार पदार्थाचं नुकसान जास्त. गरम पदार्थ भरणं ही सर्वांत मोठी चूक. उष्णतेने शोषण झपाट्याने वाढतं, म्हणून आधी पूर्ण गार करा.

मुरलेला वास काढताना पहिलं काम तेलाचा थर उतरवण्याचं: कोमट पाणी, साबण, मऊ घासणी. खरखरीत घासणीने चरे पडतात आणि पुढच्या वेळी तेल त्यांत अडकतं. मग एक लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून डबा रात्रभर बुडवून ठेवा. सोडा पृष्ठभागाचं बघतो, आतलं मात्र उष्णता आणि वारा यांनीच निघतं. पॉलिप्रॉपिलीनचा डबा कडक गरम पाण्याने दोनदा विसळा, नंतर झाकण उघडं ठेवून वाऱ्यावर तीन-चार दिवस राहू द्या. पेटच्या बरणीत उकळतं पाणी ओतू नका, ती आकसते. टोमॅटोचा लाल डाग याच वाटेने आत गेलेला असतो. तो उन्हात फिका होतो, पण डबा आठवडेच्या आठवडे उन्हात ठेवलात तर प्लास्टिक ठिसूळ होईल.

वास परत परत येत असेल तर झाकण तपासा. डबा कडक प्लास्टिकचा असला तरी झाकण बऱ्याचदा मऊ पॉलिएथिलीनचं असतं, आणि त्यातली सिलिकॉनची रिंग तर वास धरून ठेवण्यात सगळ्यांच्या पुढे. ती बोथट टोकाने उचकून काढा, 10 मिनिटं पाण्यात उकळा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. वास घालवायला डब्यात कॉफीची पूड ठेवायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका: लसूण झाकला जातो, पण डब्यात आता कॉफीही मुरते.