करसल्लागाराच्या कार्यालयासाठी नवे ‘एआय’ सॉफ्टवेअर कसे पारखावे

वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत करसल्लागारांची जी लहान कार्यालये आहेत, त्यांच्याकडे हल्ली ‘बिलाचा फोटो काढा, नोंद आपोआप होईल’ असे सांगणारे विक्रेते येऊ लागले आहेत. असे सॉफ्टवेअर टाकाऊच असते असे नाही. परंतु त्याची पारख विक्रेत्याच्या डेमोवर न करता आपल्या कागदांवर करावी, आणि वेळही आपणच ठरवावी. जुलै ते ऑक्टोबर हा विवरणपत्रांचा आणि लेखापरीक्षण अहवालांचा हंगाम असतो; या काळात सवलत कितीही मोठी मिळत असली तरी चालू व्यवस्था बदलू नये. दिवाळीनंतरचे आठवडे चाचणीला बरे. (चोपडापूजनात आता वहीशेजारी लॅपटॉपलाही कुंकू लागते, पण तेवढ्यासाठी त्याच मुहूर्तावर नवे सॉफ्टवेअर सुरू करण्याचे कारण नाही.)

माहिती आत कशी जाते हे दाखवण्याची विक्रेत्याला घाई असते. आपण आधी ती बाहेर कशी येते हे विचारावे. एका ग्राहकाचे वर्षभराचे व्यवहार एक्सेलमध्ये किंवा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येतील अशा स्वरूपात, कोणाच्याही मदतीवाचून, समोर उतरवून दाखवायला सांगावे. नुसती पीडीएफ हाती येत असेल, तर पुढे सॉफ्टवेअर सोडायचे ठरल्यास सर्व नोंदी पुन्हा हाताने कराव्या लागतील, हे गृहीत धरावे.

त्यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची. आधीच तपासून नोंदवलेली बिले घ्यावीत, म्हणजे बरोबर उत्तरे आपल्याजवळ असतात. ती आपल्याच कार्यालयाची किंवा लेखी संमती दिलेल्या एखाद्या कारखानदाराची असावीत, कारण चाचणीतले बिलही विक्रेत्याच्या सर्व्हरवर जातेच. स्वच्छ छापील बिलांबरोबर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून येतात तशी कार्बनच्या पुसट प्रतीची, गुजराती अंकांत हाताने लिहिलेली आणि नेमका रकमेवर शिक्का बसलेली बिलेही मुद्दाम द्यावीत. आता चुका कोठे पकडल्या जातात ते पाहावे. जीएसटी क्रमांक 15 वर्णांचा असतो. गुजरातचा क्रमांक 24 ने सुरू होतो, पुढील 10 वर्ण पॅनचे असतात आणि शेवटचा वर्ण आधीच्या वर्णांवरून गणिताने ठरलेला असतो. त्यामुळे एक अक्षर चुकीचे वाचले गेले, तरी पडताळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते कळायला हवे. करपात्र रक्कम, दर आणि कर यांचाही एकमेकांशी ताळा घेता येतो. तारखेला मात्र असा कोणताच आधार नसतो: दिवस-महिन्याची अदलाबदल होऊन 3 ऑगस्टचे 8 मार्च झाले, तर गणित कोठेही अडत नाही. म्हणून विक्रेता सांगतो त्या अचूकतेच्या टक्केवारीपेक्षा, शंका आल्यावर सॉफ्टवेअर रकाना मोकळा सोडते की ठामपणे काहीतरी भरून टाकते, याला अधिक महत्त्व द्यावे. माझ्या मते, अंदाजाने रकाने भरणारे सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी महागच पडते.

माहिती कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते, तिच्यावर एआय मॉडेलचे प्रशिक्षण होते का, आणि करार संपल्यावर ती किती दिवसांत पुसली जाते, ही उत्तरे करारात लेखी घ्यावीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. सुरक्षेच्या पुरेशा उपाययोजना न केल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. लहान कार्यालयाला एवढा दंड होईल असे नव्हे, पण ‘ते विक्रेत्याचे काम होते’ हे उत्तर पुरणार नाही.

फुकट मिळणाऱ्या एआय चॅटबॉटबाबत नियम साधा ठेवावा: ग्राहकाचे नाव, पॅन, आधार किंवा ताळेबंद त्यात चिकटवू नये. 2023 मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली, आणि 2025 च्या जानेवारीअखेर आपल्या केंद्रीय अर्थमंत्रालयानेही कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नयेत असे कर्मचाऱ्यांना कळवले. नुसती बंदी मात्र टिकत नाही. पत्राचा मसुदा सुधारून हवा असेल, तर नावे आणि आकडे काढून तो कसा द्यायचा, हे कनिष्ठ मदतनिसाला शेजारी बसवून दाखवावे.

हे सारे करताना टेबलाचा खण विसरू नये. ग्राहकांच्या डिजिटल सहीची यूएसबी टोकने एका डब्यात आणि प्रत्येकावर पिनची चिठ्ठी, हे दृश्य अनेक कार्यालयांत दिसते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 प्रमाणे सहीची खासगी कळ (टोकनातली गुप्त सांकेतिक किल्ली) सांभाळण्याची जबाबदारी तिच्या धारकाची आहे. म्हणजे आपल्या सोयीसाठी आपण ग्राहक शेठजींना अडचणीत टाकत असतो. टोकने शक्यतो परत करावीत. ठेवावीच लागली, तर चिठ्ठ्या काढून पिन बदलून घ्यावेत, टोकने कुलपात ठेवावीत, आणि कोणते टोकन कोणी, कधी व कोणत्या कामासाठी काढले, याची साध्या वहीत सहीनिशी नोंद ठेवावी.