चितगावात बिऱ्हाड मांडताना

मार्च २०१७ मध्ये मी इचलकरंजीहून बांगलादेशातील चितगावला गेलो, तेव्हा हातात तिथल्या निर्यात प्रक्रिया क्षेत्रातील एका तयार कपड्यांच्या कारखान्याचे नेमणूकपत्र होते. काम कापड तपासणीचे आणि पगार डॉलरमध्ये ठरलेला. डोक्यातला हिशेब अगदी सरळ होता : शहर स्वस्त आहे, तेव्हा शिल्लक भरपूर पडणार. पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ काहीच शिल्लक पडली नाही. चितगाव स्वस्त आहे यात शंका नाही. पण ते चितगावकराला स्वस्त आहे, आणि परका माणूस त्याच्यासारखा राहायला शिकेपर्यंत रोज थोडा थोडा दंड भरत असतो. तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांचा हा दंडाचा काळ थोडा कमी व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

कागदपत्रांचे आधी सांगतो. नोकरीसाठी जाणाऱ्याला तिथे ‘ई’ वर्गाचा व्हिसा लागतो आणि त्याशिवाय कामाचा परवाना लागतो. कारखाना निर्यात क्षेत्रात असेल तर हा परवाना त्या क्षेत्राच्या प्राधिकरणाकडून, म्हणजे ‘बेपझा’कडून मिळतो, बाहेरच्या उद्योगांसाठी तो ‘बिडा’ ही गुंतवणूक विकास संस्था देते. गृहखात्याची सुरक्षाविषयक मंजुरी वेगळी. “सध्या दुसऱ्या व्हिसावर या, बाकीचे इथे बघू,” असे मालक म्हणाला, तर जाऊ नये. माझ्या ओळखीच्या एका मर्चंडायझरने अशा शब्दावर विश्वास ठेवला आणि दर काही आठवड्यांनी व्हिसासाठी कोलकात्याच्या फेऱ्या मारण्यात त्याची बचत संपली. प्राप्तिकराचेही पत्रात लिहून घ्यावे. अनिवासी परदेशी माणसाला तिथे ३० टक्के सपाट कर लागतो, म्हणून ठरलेला पगार करापूर्वीचा की करानंतरचा, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतरानंतर दोन्ही देशांमधील व्हिसाचे व्यवहार आखडले होते. त्यामुळे माझ्या वेळचा अनुभव जसाच्या तसा गृहीत न धरता निघण्यापूर्वी चालू नियम तपासावेत.

माझी पहिली मोठी चूक घराची. चितगाव डोंगरटेकड्यांचे शहर आहे आणि खुलशी ही टेकडीवरची वस्ती परदेशी लोकांची, वकिलातींची आणि बड्या व्यापाऱ्यांची मानली जाते. कंपनीतील सर्वांनी तिचेच नाव सुचवले, म्हणून मी तिथे महिना २६,००० टके (टका हे तिथले चलन) भाड्याचे घर घेतले. त्या वेळी शंभर टके म्हणजे साधारण ऐंशी रुपये होत. कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, पतेंग्याच्या वाटेवर. रोज जाऊन येऊन तीन तास रस्त्यावर जात आणि भाड्यावर वर सर्व्हिस चार्ज. शेवटी मी आग्राबादला, कारखान्याच्या निम्म्या वाटेवर, १५,००० टक्यांचे घर पाहिले. ते मिळवणेही सोपे नव्हते, कारण कुटुंबाशिवाय राहणारा पुरुष तिथे विवाहित असला तरी ‘ब्याचेलर’ ठरतो आणि बहुतेक घरमालकांना तो नको असतो. बायकोमुलांचा फोटो दाखवून आणि खात्यातल्या एका वयस्कर सहकाऱ्याला सोबत नेऊन मला ते घर मिळाले.

आग्राबादच्या सखल भागात एक गोष्ट कोणी आपण होऊन सांगत नाही. तिथे पाऊस नसतानाही मोठ्या भरतीला कर्णफुली नदीचे पाणी नाल्यांतून उलटे चढून गल्लीत येते. घर पाहायला गेलो असताना मला तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तपकिरी, सरळ रेघ दिसली. मला वाटले रंगाचा पट्टा असेल. ती पाण्याची रेघ होती. घर पाहताना आधी अशी रेघ शोधावी आणि तळमजला घेऊ नये. स्वयंपाकाचा गॅस पाइपचा आहे की सिलिंडरचा, हेही विचारावे, कारण नव्या घरांना पाइपचा गॅस मिळत नाही. ‘आयपीएस’ आहे का, हेही विचारावे. आपल्याकडे आयपीएस म्हटल्यावर पोलीस अधिकारी डोळ्यांसमोर येतो. तिकडे तो इन्व्हर्टर असतो आणि उन्हाळ्यात त्याची गरज अधिकाऱ्यापेक्षा जास्त भासते. मे २०१७ अखेर ‘मोरा’ चक्रीवादळ आले तेव्हा बंदरावर दहा नंबरचा सिग्नल लागला होता. शेजाऱ्यांनी आदल्या रात्रीच बादल्या भरून, मेणबत्त्या आणि चिवड्याचे पोहे आणून ठेवले होते, आणि मी मात्र सिग्नलचा अर्थ इंटरनेटवर शोधत बसलो होतो.

शब्दांची अशी फसगत सतत होते. घरकाम करणाऱ्या बाईला तिकडे ‘बुआ’ म्हणतात. “उद्यापासून बुआ येईल,” असे घरमालकाने सांगितल्यावर मी क्षणभर टाळमृदंगाची कल्पना केली. रिक्षावाल्याला ‘मामा’ म्हणावे, म्हणजे भाडे निम्म्यावर येत नसले तरी बोलणे सुरू होते. कोलकात्याच्या धाटणीची बंगाली शिकून गेलात तरी चितगावची बोली प्रथम काहीच कळणार नाही. ती ढाक्याच्या लोकांनाही नीट कळत नाही. तिच्यात ‘गम’ म्हणजे छान. कारखान्याच्या फाटकावरचा दारोयान रोज सकाळी “गम आछन नि?” असे विचारी आणि मी आठवडाभर समजत होतो की माझा चेहरा फार पडलेला दिसतो. ज्या दिवशी मी “गम आछि” असे उत्तर दिले, त्या दिवसापासून फाटकाजवळचा चहावाला माझ्याकडून इतरांएवढेच पैसे घेऊ लागला. भाषेवर घालवलेला तास तिथे थेट पैशांत परत मिळतो.

सुट्टी शुक्रवारी असते आणि रविवारी काम. घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास पुढे. शुक्रवारी आपल्या बँका उघड्या असतात, ही त्यातली सोय. घरी पैसे बँकेमार्फतच पाठवावेत. पगाराचा किती हिस्सा बाहेर पाठवता येतो याला मर्यादा आहे आणि हुंडीचा, म्हणजे बँकेबाहेरच्या बेकायदा मार्गाचा, मोह मात्र चारी बाजूंनी होतो.

जेवणाचा प्रश्न मी समजत होतो तेवढा बिकट निघाला नाही. तूरडाळ सहज मिळत नाही, ज्वारी तर विसरावी. मसुराची डाळ, भात आणि नदीची मासळी यांवर दिवस निघतात. सुकी मासळी तिथे ‘शुटकी’ या नावाने विकली जाते आणि कोकणातल्या माणसाला तिचा वास माहेरचा वाटेल. चितगावची खरी पंगत म्हणजे ‘मेजबान’. आपली मेजवानी त्याच फारसी शब्दाची. गोमांस हा त्या जेवणाचा मुख्य पदार्थ. परंतु हिंदू पाहुण्यांसाठी कोंबडीची किंवा मटणाची वेगळी पंगत ठेवण्याची रीत यजमान पाळतात. आमंत्रण आले तर टाळू नये, फक्त आधी मोकळेपणाने सांगावे.

बाजार कुठून करावा हे मला तिसऱ्या वर्षी कळले. घाऊक भाव ठरतो तो खातुनगंजमध्ये. चाक्ताई ‘खाला’ला, म्हणजे कालव्याला, लागून असलेल्या त्या चिंचोळ्या गल्ल्यांत मसाले, डाळी, तेल, साखर यांचा देशातला फार मोठा व्यापार चालतो आणि पुष्कळसा माल जागचा न हलता नुसत्या ‘डीओ’च्या, म्हणजे माल उचलण्याच्या चिठ्ठ्यांच्या आधारे हातोहात विकला जातो. तिथल्या पोत्यांवर नाशिकची नावे वाचून मी पहिल्यांदा थबकलो होतो.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांद्याची निर्यात बंद केली. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान असा कुठून कुठून कांदा आणूनही नोव्हेंबरात किरकोळ भाव किलोला अडीचशे टक्यांपर्यंत गेला. लंचला दोन्ही बाजूंनी मलाच ऐकावे लागे : “दादा, तुमच्या देशाने हे काय केले?” भाव पडला की निफाड-लासलगावचा शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो, हे मी त्यांना समजावून सांगत असे, ते ऐकून घेत, पण पानातली कोशिंबीर काही परत येत नसे.

माझ्या गल्लीतल्या दुकानात एक पाटी होती : “बाकी चाहिया लज्जा दिबेन ना”, म्हणजे उधार मागून लाजवू नका. आपल्याकडच्या ‘आज रोख, उद्या उधार’ची ही जरा नम्र बहीण. त्या दुकानदाराने एके संध्याकाळी मला न मागता अर्धा किलो कांदे ठोंग्यात, म्हणजे कागदी पिशवीत, घालून दिले आणि वहीत नाव लिहिले. पैसे पुढे केले तर म्हणाला, “तुमच्या देशाचा कांदा येईल तेव्हा द्या, त्या भावाने.” मी डिसेंबरअखेर नोकरी सोडून परतलो, बंदी उठली १५ मार्च २०२० रोजी. ‘बिकाश’ या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सोयीचे खाते माझे कधीच नव्हते. मी फाटकावरच्या दारोयानाला फोन केला आणि त्याने त्या दिवशीच्या भावाने अर्ध्या किलोचे पैसे दुकानात भरून वहीतले माझे नाव खोडून घेतले.