हायवेवरचं ट्रॅफिक कॅमेऱ्याने मोजताय? या चुका टाळा

आकडे चुकायला लागले की लोक पहिलं खापर चित्रातल्या गाड्या ओळखणाऱ्या एआय मॉडेलवर फोडतात, योलोचं (असंच एक कॉमन मॉडेल) छोटं मॉडेल काढून मोठं टाकतात आणि मग सिस्टिम अजूनच रखडते. बहुतेक वेळा घोळ मॉडेलच्या आधी नाहीतर नंतर असतो.

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे स्क्रीनवर 'लाइव्ह' लिहिलेलं असतं पण ते लाइव्ह नसतंच. २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रं) म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद, तुमचं मॉडेल ६० घेत असेल आणि तुम्ही सगळ्या फ्रेम रांगेत साठवत बसलात तर तासाभराचं फुटेज संपायला दीड तास लागणार, मग अपघाताचा अलर्ट काय कामाचा? फ्रेम वाचायचा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) वेगळा ठेवा, फक्त ताजी फ्रेम घ्या, जुन्या सरळ फेकून द्या.

पण फेकायच्या म्हणून कितीही फेकू नका हं. ताशी १०० किमीने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, ५ एफपीएसवर आलात तर दोन फ्रेममध्ये ती साडेपाच मीटर पुढे, म्हणजे आख्ख्या कारच्या लांबीपेक्षा जास्त, आणि सॉर्ट, बाइटट्रॅक वगैरे ट्रॅकर (प्रत्येक गाडीला आयडी देऊन पुढच्या फ्रेममध्ये तीच ओळखणारे) बघतात गाडीभोवतीचा जुना बॉक्स नव्यावर किती बसतो ते. पुढचा अंदाज ते बांधतात खरे, पण नुकत्याच दिसलेल्या गाडीचा वेग त्यांना कुठून कळणार, मग नवा आयडी पडतो नि काउंट बिघडतो. १२-१५ एफपीएस टिकत नसेल तर मॉडेल छोटं करा, इथे छोटंच बरं.

काउंटिंगची रेष (जी ओलांडली की गाडी मोजली जाते) फ्रेमच्या लांब वरच्या टोकाला मारू नका, तिथे ट्रकमागे कार लपतात.

स्पीड काढताना बॉक्सचा मध्य धरणं ही अजून एक चूक. होमोग्राफी (चित्रातल्या बिंदूवरून रस्त्यावरची जागा काढायचं गणित) फक्त रस्त्याच्या पातळीवर खरी असते, ट्रकचा मध्य हवेत असतो, त्यामुळे तो असतो त्याहून लांब दिसतो. खालच्या कडेचा मध्यबिंदू घ्या. आणि वेळ फ्रेम नंबरला २५ ने भागून काढू नका, मधल्या फ्रेम तुम्हीच टाकल्यात ना, टाइमस्टॅम्प (फ्रेमसोबत नोंदलेली वेळ) वापरा.

रात्री नंबरप्लेट वाचता येत नाही म्हणून ट्रेनिंग डेटा (मॉडेलला शिकवायची चित्रं) वाढवत बसण्याआधी कॅमेऱ्याचं शटर बघा, म्हणजे एका फ्रेमसाठी ते किती वेळ उघडं राहतं ते. ऑटोवर ते १/५० सेकंदाला गेलं असेल तर तेवढ्यात ताशी १०० किमीची गाडी ५५ सेंटीमीटर सरकते, प्लेटचा नुसता पट्टा उरतो, तो कुठलं मॉडेल वाचणार? १/५०० च्या आसपास फिक्स करा, आयआर (इन्फ्रारेड) लाइट जोडा.

एवढं करून आकडे अचानक एके दिवशी बिघडले तर कोडला हात लावायच्या आधी जुनी फ्रेम नि आजची फ्रेम एकावर एक ठेवून बघा, वाऱ्याने खांबावरचा कॅमेरा हलला असेल तर लेनच्या पट्ट्या जुळणार नाहीत.