मोका पॉटची कॉफी कडू होते? गरम पाणी भरा
एस्प्रेसो मशीनऐवजी स्वस्तातला मोका पॉट (गॅसवरचं कॉफीचं भांडं: खाली पाणी, मधल्या गाळणीत पूड, वर कॉफी) घेतला, पण कॉफी करपट लागते? गार पाणी तापेपर्यंत पूडही भाजत राहते.

१. तीन कपी पॉटच्या खालच्या भागात उकळतं पाणी, व्हॉल्व्हच्या (जास्तीची वाफ सोडणाऱ्या झडपेच्या) जरा खालपर्यंत.
२. पूड १५ ग्रॅम, बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक. बिनचिकोरीची हवी हे दुकानात आधीच सांगा. सपाट करा, दाबू नका.
३. गरम बूड फडक्याने धरून वरचा भाग घट्ट फिरवून बसवा. लहान बर्नर, मंद आच, झाकण उघडं. मधासारखी तपकिरी धार फिकट होऊन फसफसू लागली की लगेच उतरवून बूड नळाखाली धरा. कडूपणा त्या शेवटच्या फसफसाटातही असतो.

पुण्यात सोसायटीला टँकर-बोअरचं पाणी येत असेल तर व्हॉल्व्ह अधूनमधून तपासा. क्षारांनी तो जाम झालेला पॉट गॅसवर ठेवू नका.